पोटावरचा हात

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इसरू भर मैदानात पडला. बॉल त्याच्या पायात होता, समोर एकटा गोलकीपर होता, आणि चिचबोडीचं सगळं गाव घसा ताणून ओरडत होतं. अशा वेळी माणसाने पडू नये. पडायचंच असेल तर घरात पडावं, शेतात पडावं, चार माणसांच्या नजरेआड पडावं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जो पडतो, त्याचं पडणं त्याच्या एकट्याचं राहत नाही. गाव ते उचलून घरी नेतं आणि चुलीपाशी बसून त्याचा अर्थ लावतं.

इसरू पडला तो दोन्ही हातांनी पोट धरून. पुढे जे काही झालं ते त्या हातांपासून सुरू झालं.

चिचबोडी म्हणजे आलापल्लीहून बल्लारपूरला सागवान नेणारे ट्रक जिथे पाणी प्यायला थांबत, ते गाव. गावाला मोठं तळं, तळ्याच्या पाळीवर ढिवरांचा मोहल्ला, आणि सडकेच्या अंगाला लाकडाचा डेपो. तळ्यातली मासळी, तळ्यातले शिंगाडे आणि डेपोतली मजुरी यांवर मोहल्ला जगे. फुटबॉल कुणा गोऱ्या साहेबाने आणला होता. स्वराज्य आलं, साहेब गेला, बॉल राहिला. त्याला इतकी ठिगळं लागली होती की मूळचं चामडं किती आणि गावच्या चांभाराचं किती, हे सांगणं कठीण. पण टीम झकास होती, आणि टीमचा सेंटर होता इसरू. दिवसा तो डेपोतल्या लाकडांवर घणाने शिक्के मारायचा आणि संध्याकाळी अनवाणी पायाने बॉल असा हाणायचा की बल्लारपूरची बूटवाली पोरं नुसती बघत राहायची. त्याचा बाप तो लहान असतानाच गेला. घरात माय, मनकर्णा. बापाच्या जागी मायचा थोरला भाऊ लटारू, मोहल्ल्यातला कर्ता माणूस. लटारूमामाने शब्द टाकला की मोहल्ला उठायचा आणि त्याने हात वर केला की बसायचा.

आणि एक चंदाबाई. विधवा म्हातारी, पोटी एकच लेक, ती तिकडे भांदकला दिलेली. तळ्याच्या एका कोपऱ्यात तिच्या शिंगाड्याच्या वेली होत्या. मॅचच्या दिवशी मैदानाच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली, ती उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसे. तोंडाची तिखट बाई. या वयातही तिचे सगळे दात जागच्या जागी होते आणि त्याचा तिला भारी तोरा. शिंगाड्याचं काळं टरफल ती दातांनी कट्‌कन फोडायची आणि आतला पांढरा गर इसरूच्या तळहातावर ठेवायची. तो नागडा हिंडायचा तेव्हापासून ठेवत आली होती. दसऱ्याच्या मॅचआधीही हंगामातले पहिले शिंगाडे तिने असेच फोडून त्याला दिले. त्याच्या बेंबीभोवती सकाळपासूनच कळ होती, पण मॅच हुकेल या भीतीने त्याने ती कुणाला सांगितली नव्हती. गावाला दिसलं ते एवढंच: पोरगा म्हातारीच्या दातांखालचं खाऊन मैदानात उतरला आणि पोट धरून पडला.

त्याला लाकडाच्या ट्रकमध्ये घालून चांद्याला नेलं. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला तो मामाच्या मनगटात नखं रुतवत होता आणि मामाने एकदाही हात काढून घेतला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरने पोट चाचपलं आणि तडक टेबलावर घेतलं. अपेंडिक्स. आणखी उशीर झाला असता तर आतल्या आत फुटलं असतं आणि मामा रिकाम्या हाताने परतला असता.

हिंडूफिरू लागल्यावर इसरूने डॉक्टरला विचारलं, "साहेब, काय झालतं मले?"

"आतड्याला करंगळीएवढी शेपटी असते. ती सडली होती. कापून टाकली."

"काऊन सडली?"

डॉक्टर प्रामाणिक होता. प्रामाणिक माणसं कधीकधी फार महागात पडतात. "ते नक्की नाही सांगता येत," तो म्हणाला. "कुणाची सडते, कुणाची जन्मभर सडत नाही." मग त्याने बजावलं: होळीपर्यंत धावायचं नाही, घण उचलायचा नाही, आणि टाक्यांच्या जागी फुगवटा दिसला तर असशील तसा निघून यायचं. इसरूने मान डोलावली. मरता मरता वाचलेला माणूस कशालाही मान डोलावतो.

त्या सगळ्या दिवसांत लटारूमामा दवाखान्याच्या व्हरांड्यात फुटाण्यांवर राहिला. रात्री गोणपाट पांघरून तिथेच निजला. हे आधी सांगून ठेवायला हवं, कारण पुढे त्याच्याबद्दल वाईट सांगायचं आहे.

दिवाळीच्या तोंडावर इसरू घरी आला, तेव्हा मोहल्ला अंगणात मावेना. कुणी अंडी आणली, कुणी ताजी मरळ. इसरू खाटेवर बसून सदरा वर करत होता आणि टाके दाखवत होता. येणाऱ्याजाणाऱ्यांत त्याचे डोळे चंदाबाईला शोधत होते. ती काही आली नाही. शेवटी त्याने विचारलंच.

"तिचं नाव काढू नोको," माय म्हणाली.

मग मामाने सांगितलं. गावच्या भगताने सुपात दाणे टाकून पाहिले होते. दाणे म्हातारीवर गेले. करणी. इसरूला हसू आलं. हसताना टाके ओढले, म्हणून त्याने ओठ मिटले आणि नकळत पोटावर हात ठेवला. सगळ्यांनी त्या हाताकडे पाहिलं.

"करनी नोती, मामा. आतड्याले शेपटी असते. ते सडली होती. डाक्तरनं सांगतलं."

"शेपटी सगळ्याइले असते का?"

"सगळ्याइले."

"मले हाय?"

"हाय."

"मंग माही काऊन नाई सडली?" मामाचा आवाज चढला नव्हता. तो खरंच विचारत होता. "तुहीच काऊन सडली? अन् तिच्या तोंडचं खाल्लं त्याच दिवशी काऊन? डाक्तर काय म्हने, काऊन सडली?"

इथे इसरूला खोटं बोलता आलं असतं. शिळं खाल्लं, उन्हात खेळलो, काहीही. पण तो साधा माणूस, त्याला ते सुचलं नाही.

"सांगता येत नाई म्हने."

मामाने भोवतालच्या माणसांकडे पाहिलं. माना हलल्या. डॉक्टरला जे उत्तर येत नव्हतं ते गावाकडे तयार होतं.

मग इसरूला बाकीचंही कळत गेलं. चंदाबाई विहिरीवर आली की बायका घागरी उचलून घरी जात. तिच्या शिंगाड्याच्या वेली कुणीतरी अर्ध्या उपटून नेल्या होत्या. तळ्यातला तिचा कोपरा लटारूमामाच्या वाट्याला लागून होता. मामाच्या मनात ते होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. बहुतेक त्यालाही ठाऊक नसावं.

"काय करनार तुमी तिचं?" इसरूने विचारलं.

"तिनं आपल्या हातानं करनी काढून घ्यावी. नाई घेत, त काढाले लावू."

"करनी असन त मी पुन्हा पडीन. नाई का?"

"पडशीन," मामा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "तेचंच त भेव हाय, बाबू."

"अन् नाई पडलो त?" इसरू खाटेवर सरळ बसला. "मंडईले बल्लारपूरवाले येतेत. मी खेळतो. पुरी मॅच खेळलो अन् पोट धरलं नाई, त मानसान ना तुमी, का करनी नोती?"

मामाने विझलेली बिडी खाली टाकली. "मानू," तो म्हणाला.

"तवर तिले कोनी हात लावाचा नाई."

"नाई लावनार. शबद देतो."

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरतात. बाजार, पाहुणे, रात्रभर चालणारं दंडारीचं नाटक, पाहुण्यांमधून पोरापोरींच्या सोयरिकी. चिचबोडीची मंडई मार्गशीर्षात असे. होळी तिच्यापुढे कितीतरी लांब. इसरूला हे कळत नव्हतं असं नाही. पण मासळीच्या बाजारात घासाघीस करून सौदा पटल्यावर वाटावं तसं त्याला वाटत होतं. आपल्या पोटाच्या बदल्यात त्याने एका म्हातारीचा जीव सोडवला होता. पठ्ठ्या खूश होता.

एका दुपारी तो हळूहळू तळ्यावर गेला. चंदाबाई उरल्यासुरल्या वेलींमध्ये डोंगा घालून शिंगाडे तोडत होती. त्याला पाहून तिने डोंगा काठाला आणला, पण उतरली नाही.

"तू भांदकले जा, चंदाबाई. पोरीकडं राह्य थोडे दिवस."

"अन् मंग? पयाली म्हनतीन. खरी हाय म्हनूनच पयाली." ती बोटांतले काटे काढत होती. "पोरीच्या सासरी समजलं का तिची माय अशी हाय, त तिले कोन ठेवन घरात?"

"मामानं शबद देल्ला. मंडईपर्यंत कोनी काई करत नाई. मी खेळलो का संपलं सारं."

चंदाबाईने शेवटचा काटा काढून पाण्यात टाकला. "नदीच्या पल्याडच्या गावात एक बाई हाय," ती म्हणाली. "तिचे दात पाडले लोकाइनं. दगडानं. दात नसले का मंतर बराबर म्हनता येत नाई म्हनतेत, नुसती हवा निंगते. आता पेज पिऊन राह्यते. भाकर खाता येत नाई तिले."

म्हातारीने टोपलीतला उकडलेला शिंगाडा उचलला, दातांत धरून कट्‌कन फोडला आणि गर त्याच्यापुढे केला.

"खातं का? का तुलेबी भेव वाटते?"

इसरूने खाल्ला. भीती त्यालाही वाटली, क्षणभरच, आणि तिची त्याला इतकी लाज वाटली की त्याने आणखी एक मागून घेतला. म्हातारीच्या चेहऱ्यावर तेव्हा जरा रंग आला.

"खेळशीन?"

"खेळीन."

"पडशीन त नाई?"

"नाई पडत."

कार्तिक संपता संपता तो मैदानात उतरला. आधी नुसता चालला, मग चालता चालता बॉल ढकलला, मग धावला. माय जुन्या लुगड्याचा लांब पट्टा फाडून त्याच्या पोटाला गच्च बांधायची. पाय जुनं सगळं ओळखत होते. बॉल कुठे पडेल, पडून कुठे जाईल, हे त्यांना अजून त्याच्याआधी कळत होतं. पण पोट परकं झालं होतं. उजव्या कुशीत, टाक्यांच्या जागी, कुणीतरी आतून दोरी ओढून धरल्यासारखं वाटे. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. दसऱ्याला सांगितलं नव्हतं तसंच. एकच चूक माणूस दोनदा करतो, आणि दुसऱ्यांदा ती त्याला शहाणपण वाटते.

त्याने स्वतःला एक सवय लावायला घेतली: हात पोटाकडे न्यायचा नाही. कळ आली की चड्डीच्या दोन्ही बाजू मुठीत धरायच्या. जेवताना, झोपताना, परसात जातानाही. टीमचा कप्तान घनश्याम त्याला चिडवायचा, चड्डी सुटते का रे म्हणून. इसरू हसायचा आणि चड्डी धरून ठेवायचा.

मंडईला थोडेच दिवस उरले असताना एका संध्याकाळी घनश्यामने कोपऱ्यातून बॉल उंच टाकला. इसरूने उडी घेतली. डोक्याला बॉल लागला, तो गोलमध्ये गेला, आणि खाली येताना कुशीत काहीतरी टरकन उसवल्यासारखं झालं. हात गेले. दोन्ही हात, पोटावर. त्याने ते लगेच काढले, पट्टा सैल झालाय असं दाखवून पट्टा ओढला. मान वर केली तेव्हा लाकडांच्या थप्पीपाशी लटारूमामा उभा होता.

तो वळला आणि तळ्याकडच्या वाटेने निघून गेला.

घरी जाऊन इसरूने पट्टा सोडला. टाक्यांच्या व्रणाशेजारी सुपारीएवढा फुगवटा होता. बोटाने दाबला की आत जायचा, खोकला की बाहेर यायचा. असशील तसा निघून ये, डॉक्टर म्हणाला होता. चांद्याला जाणारा ट्रक सकाळीच मिळाला असता. पण ट्रकमध्ये बसलेला इसरू म्हणजे करणीने पुन्हा धरलेला इसरू. तो गेला त्याच दिवशी लोक चंदाबाईच्या दाराशी गेले असते. त्याने पट्टा परत बांधला, आधीपेक्षा आवळून.

मंडईच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला मामा घरी आला. खाटेच्या कडेला बसला.

"दुखते का, बाबू?"

"नाई."

"माह्याशी खरं बोल."

"नाई दुखत, मामा. परवा पट्टा सैल झालता."

मामाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायचा तसा. "तू फकत खेळ," तो म्हणाला. "बाकीचं आमी पाहून घेऊ."

हे ऐकून इसरूला बरं वाटलं. मोठं माणूस पाठीवर हात ठेवून असं बोललं की कुणालाही बरं वाटतं. चुलीपाशी माय पाठमोरी बसून होती. ती काही वळली नाही.

मंडईच्या दिवशी सकाळपासून सडकेवर छकडे लागले. बांगडीवाले, फुटाणेवाले, खेळणीवाले, नव्या लुगड्यांतल्या पाहुण्या. इसरूला बाहेर जायचं होतं, चंदाबाईच्या दारावरून एक चक्कर मारायची होती, पण माय सोडेना. परगावची माणसं आहेत, नजर लागेल, म्हणाली. त्याच्या पिंढऱ्यांना तिने तेल चोळलं. चोळता चोळता तळ्याच्या त्या अंगाने ढोलकी ऐकू आली, झांजा ऐकू आल्या. इसरूला नवल वाटलं. दंडार रात्रीची असते. सकाळी एवढ्या जोरात कशाला वाजवतात?

"माय, हे कोन वाजवून राह्यलं आतापासून?"

"मंडई हाय. वाजवनारच."

ढोलकी फार जोरात वाजत होती. तिच्यात ताल नव्हता, नुसताच आवाज होता. मग ती एकदम थांबली. मायने पट्टा हातात घेतला, पण गाठ तिला मारता येईना. बोटं कापत होती. शेवटी इसरूनेच गाठ मारली. काळजी करते बिचारी, त्याला वाटलं, आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती रडायला लागली तेव्हाही त्याला तेच वाटलं.

दुपार कलल्यावर मॅच सुरू झाली. मैदानात उतरताना इसरूने पहिल्यांदा मोहाच्या झाडाकडे पाहिलं. चंदाबाई होती. तिच्यापुढे तिची टोपली होती. पदर डोक्यावरून घेऊन नाकाडोळ्यापर्यंत ओढला होता, धूळ फार उडत होती म्हणून असेल. आणि नवल म्हणजे ती एकटी नव्हती. मोहल्ल्यातल्या बायका तिच्या दोन्ही बाजूंना अगदी खेटून बसल्या होत्या. विहिरीवर जिची सावली नको त्यांना, तिच्याशेजारी! इसरूचा जीव भांड्यात पडला. मामाने शब्द तर पाळलाच, वर बायकांचीही समजूत घातली. आता राहिलं आपलं काम.

तो खेळला. तसा तो पुन्हा कधी खेळला नसेल. पहिल्या धावेतच कूस पेटली, पण त्याने चड्डी मुठीत धरली आणि धावत राहिला. बल्लारपूरच्या एका दणकट गड्याने त्याला खांदा मारला. इसरू कोलमडला, एक गुडघा जमिनीला टेकला. मैदानाभोवतीचं सगळं गाव एका दमात गप्प झालं. हात पोटाकडे निघाले होते. त्याने ते जमिनीवर टेकवले, माती घट्ट धरली आणि उठला. मोहाच्या झाडाकडे पाहिलं. म्हातारी त्याच्याकडेच बघत होती. पदराच्या वरचे ते दोन डोळे पापणीही हलवत नव्हते.

तिच्यासाठी, तो स्वतःशी म्हणत होता. हिच्यासाठी उभं राहायचं. पट्ट्याखालचा फुगवटा आता सुपारीएवढा राहिला नव्हता, तो हाताला न लागताही कळत होता. अर्धी मॅच झाली, पाणी झालं, बाजू बदलल्या. आता बल्लारपूरचा गोल मोहाच्या झाडाच्या अंगाला आला. दिवस डेपोच्या थप्प्यांआड जायला लागला तरी दोन्हीकडे गोल नव्हता. मग घनश्यामने बॉल पुढे सोडला. समोर एकटा गोलकीपर. दसऱ्याची तीच जागा, तेच ओरडणारं गाव. इसरूने श्वास कोंडला, चड्डीवरची मूठ सोडली आणि उजव्या पायाने बॉल हाणला. गोलकीपर हललासुद्धा नाही.

शिट्टी झाली तेव्हा इसरू उभा होता. दोन्ही हात बाजूला लोंबत होते, सगळ्यांना दिसतील असे. लोक धावून आले. सगळ्यांच्या पुढे लटारूमामा होता. त्याने इसरूला मिठी मारली आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"उतरली रे, बाबू. उतरली."

"काय उतरली?" इसरू हसत म्हणाला. "नोतीच मामा. मी म्हनलं नोतं? मी पडलो का? पोट धरलं का?"

"नाईच धरलं. कसं धरशीन?" मामाने डोळे पुसले. "सकाळी पाडले ना तिचे."

इसरूला आधी कळलंच नाही. मग ती ढोलकी आठवली. मायची बोटं आठवली.

"तू शबद देल्ला होता."

"देल्ला होता. पन तू पोट धरलं ना परवा. मी पाह्यलं." मामाच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. असती तर इसरूने त्याचा गळा धरला असता. "आज तू मेला असता, बाबू. तिले इथी समोर बसवली, पाह्य म्हनलं आता. अन् कसा धावला तू. आता त साऱ्याइले पटलं. त्या डाक्तरले काय समजते?"

मागे घनश्याम आणि पोरं इसरूच्या नावाने ओरडत होती. पाहुणे एकमेकांना सांगत होते, दसऱ्याला हाच पडला होता, आणि आज बघा. मैदानाच्या कडेने ती गोष्ट भराभर पसरत होती. उद्यापर्यंत ती पाहुण्यांबरोबर त्यांच्या गावांना जाणार होती. इसरू पडला असता तर म्हातारी खरी ठरली असती. तो उभा राहिला, म्हणूनही खरी ठरली. त्याने केलेला सौदा कधी सौदा नव्हताच, आणि हे त्याला मैदानाच्या मधोमध, एवढ्या लोकांत, आज कळत होतं.

गर्दीतून वाट काढत तो मोहाच्या झाडाखाली गेला. बायका उठून बाजूला झाल्या. त्यांचं काम संपलं होतं. चंदाबाई तशीच बसून होती. पदराला नाकाखाली काळे डाग वाळले होते. इसरू तिच्यापुढे उकिडवा बसला. पोटातला फुगवटा मांडीला लागला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

"चंदाबाई," तो म्हणाला. माझ्यामुळे, म्हणायचं होतं. त्याने टोपलीपुढे तळहात पसरला. लहानपणापासून पसरत आला तसा.

म्हातारीने एक शिंगाडा उचलला. सवयीने तोंडाकडे नेला. पदर खाली सरला. सुजलेले, फाटलेले ओठ, आणि आत नुसतं लाल. शिंगाडा तिने तोंडापाशी थोडा वेळ धरून ठेवला. मग तो तसाच, न फोडलेला, त्याच्या हातावर ठेवला.

गाव बघत होतं. तिने त्याचा हात ओढला आणि त्याला जवळ घेतलं. शब्द तोंडातून धड निघत नव्हते, प्रत्येकात वारा शिरत होता, पण इसरूला सगळं समजलं.

"आता पडू नोको, बाबू. कदीच पडू नोको. आता पाडाले माह्याकडं काई राह्यलं नाई. जीवच हाय एक."

मागून मामाची हाक आली. पुढची मंडई दुसऱ्या गावाला होती, तिथल्या लोकांनी आत्ताच बोलावणं दिलं होतं, इसरू खेळणार ना, म्हणून विचारत होते. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याच्या हातांकडे बघत होते.

इसरूने शिंगाडा मुठीत धरला. दुसऱ्या हाताने चड्डी पकडली आणि तो उठून उभा राहिला.

"खेळतो म्हना," तो म्हणाला.